अँबी व्हॅली रोडला तारेवर बसलेला ससाणा: अमूर की खरुची?

माळावरचा_भटक्या
रविवारी सकाळी लोणावळ्याहून अँबी व्हॅली रोडला गेलेलो, टायगर पॉइंटच्या पुढे विजेच्या तारेवर हा बसलेला. मधेच उठायचा, हवेत एका जागी फडफडत थांबायचा आणि परत तारेवर. खरुची समजून सोडूनच देणार होतो, पण घरी फोटो झूम केला तर पाय चक्क केशरी, पोट पांढरट आणि त्यावर काळे ठिपके-फराटे, पाठ राखाडी. पण हवेत असा थांबतो म्हणजे खरुचीच ना? नोव्हेंबरात इकडे अमूर दिसतात असं ऐकून होतो म्हणून विचारतोय, माझा लायफर आहे (म्हणजे आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलेला पक्षी).

तुरुमती७७
अमूरच, मादी आहे. अभिनंदन! हवेत थांबण्यावर जाऊ नका, अमूरही थांबतो. खरुचीची पाठ विटकरी आणि पाय पिवळे असतात. नखं पण बघा, तुमच्या तिसऱ्या फोटोत फिकट दिसतायत, खरुचीची काळी असतात.

चतुर_आणि_टाचणी
त्याच फोटोत पायात काय धरलंय बघितलं का कोणी? चतुर आहे, एक पंख बाहेर लोंबतोय! हे उडता उडता चतुर पकडतात आणि हवेतच पायातून चोचीत घेऊन खातात. चतुरांचे थवे पण याच दिवसांत समुद्रापलीकडे आफ्रिकेकडे जातात असं काही अभ्यासकांचं मत आहे, म्हणजे वाटेत डबा सोबतच 😄

तुरुमती७७
हो ना, आणि पक्षी जेमतेम दीडेकशे ग्रॅमचा, तो सायबेरिया-चीनकडून निघून नागालँडमार्गे आपल्याकडे येतो आणि इथून अरबी समुद्र ओलांडून थेट दक्षिण आफ्रिकेपर्यंत. २०१३ ला नागालँडमध्ये नागा, वोखा आणि पांगती अशी नावं दिलेल्या तीन अमूरांना सॅटेलाइट टॅग लावलेले तेव्हा हा प्रवास नीट कळला. त्याच्या आदल्याच वर्षी तिथे दोयांग धरणाच्या जलाशयापाशी जाळी लावून यांची प्रचंड शिकार चालायची, गावकऱ्यांनीच ती बंद केली, हे मला टॅगपेक्षा भारी वाटतं.

पुणे_बर्डर_नवीन
एक्झॅक्ट लोकेशन मिळेल का? शनिवारी निघतोय.

माळावरचा_भटक्या
टायगर पॉइंटवरून पुढे गेलात की माळ लागतो तिथे तारा बघत जा, पण आज असेल उद्या नसेल. गाडी रस्त्यावर आडवी लावू नका प्लीज, त्या दिवशी एकाने वळणावरच ट्रायपॉड मांडलेला.

चतुर_आणि_टाचणी
लोकेशन द्यायला हरकत नाही, हा वाटसरू पक्षी, घरटं थोडीच आहे. घुबडाच्या घरट्याचं कोणी विचारलं असतं तर मी गप्पच बसले असते. भटक्या, ईबर्डवर (पक्षीनोंदींची वेबसाइट) टाका, रेअर म्हणून डिटेल्स मागितले तर पाय, नखं आणि पाठीचा रंग लिहा, आणि तिसरा फोटो जोडाच.