डॉट मॅट्रिक्सला नुसती टिक पुरत नाही

दूरच्या सर्व्हरवरचं सॉफ्टवेअर आपल्या पीसीवरून वापरायला रिमोट डेस्कटॉपनं जोडताना ‘लोकल रिसोर्सेस’मध्ये ‘प्रिंटर्स’वर टिक केली की आपल्याच प्रिंटरवर छपाई होते, काम झालं, असं सांगितलं जातं. लेझर प्रिंटरला ते पुरतं, मान्य. विंडोज सर्व्हर २००८ पासून ‘ईझी प्रिंट’ ही सोय आलीय, त्यामुळं सर्व्हरवर वेगळा ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारा प्रोग्रॅम) लागत नाही. छपाई आपल्या पीसीवरच्या ड्रायव्हरनं होते. पण आमच्याकडं लातूरच्या आडतीत डॉट मॅट्रिक्स (पिनांनी ठिपके उमटवून छापणारा प्रिंटर) आहे आणि तिथं हेच ईझी प्रिंट आडवं येतं. हिशोबपट्टीची अक्षरं चित्र होऊन येतात, हेड एकाच ओळीवर चरचरत पुन्हा पुन्हा फिरतं, आणि ऐन सोयाबीनच्या हंगामात शेतकरी पट्टीसाठी खोळंबतात. त्यांना परतीची गाडी गाठायची असते हो!

सर्व्हरवाल्याला सांगून तिथं त्याच मॉडेलचा ड्रायव्हर टाकून घ्या. नाव आपल्या पीसीवरच्या ड्रायव्हरशी हुबेहूब जुळलं पाहिजे. मग सर्व्हरच्या ग्रुप पॉलिसीत (विंडोजच्या सेटिंग्जमध्ये) ‘यूज रिमोट डेस्कटॉप ईझी प्रिंट प्रिंटर ड्रायव्हर फर्स्ट’ डिसेबल करायला लावा, म्हणजे ईझी प्रिंटऐवजी आधी हा ड्रायव्हर वापरला जातो. पट्टी इंग्रजीत असेल तर फॉरमॅटमध्ये प्रिंटरचाच १० सीपीआय (इंचाला १० अक्षरं) फॉन्ट निवडा, वेग लगेच जाणवतो. मराठी नावं छापायची तर बहुतेक प्रिंटरवर ग्राफिक्सशिवाय, म्हणजे अक्षरं चित्र म्हणून छापण्याशिवाय, गत्यंतर नाही. आणि सॉफ्टवेअरमध्ये प्रिंटर नावानं निवडू नका, ‘डिफॉल्ट’ ठेवा. नावापुढं ‘रीडायरेक्टेड’सोबत सेशनचा (त्या वेळच्या जोडणीचा) आकडा लागतो, आणि पुढच्या लॉगिनला तो बदलला की सॉफ्टवेअरला प्रिंटर सापडत नाही.