मदत हवी आहे: छोट्या घायपाताला थंडीतून कसं वाचवू?

नमस्कार मंडळी. माझ्याकडे अगेव्ह इस्थमेन्सिस आहे, दक्षिण मेक्सिकोतला बुटका घायपात. जेमतेम वीतभर रुंद, निळसर राखाडी पानं, कडेला तांबूस काटे आणि प्रत्येक पानावर शेजारच्या पानाच्या काट्यांचा ठसा उमटलेला. फार जीव आहे माझा त्याच्यावर.

परवा रात्री पारा 0 अंशाखाली गेला. सकाळी बाहेरच्या दोन पानांची टोकं उकडल्यासारखी पाणचट दिसली, आता काळी पडलीत. गाभा मात्र घट्ट आहे. मातीत निम्मी खडी आहे, पाणीही बंद केलंय.

काळा भाग आत्ताच कापू की पूर्ण वाळू देऊ? उपटून कुंडीत घेऊन घरात ठेवू, की रात्री नुसतं कापड घालून भागेल? बुडाशी तीन पिल्लं आहेत, तीही आत्ताच वेगळी करावीत का? स्वतः अनुभव घेतलेल्यांनी कृपया लवकर सांगा, आज रात्रीही कडाका आहे.