क्लबहाऊसमध्ये मुलांना नक्की काय दाखवताय? (सोसायटी ग्रुप, रविवार सकाळ)

देशपांडे ए-५०३: सुप्रभात. काल क्लबहाऊसमध्ये मुलांना जे दाखवलं, ते कमिटीतल्या कुणी आधी पाहिलं होतं का? आमचा नातू सकाळपासून तोंडात पेन्सिल धरून फिरतोय. म्हणतो, "आजी, मी स्पाइक आहे." कार्टून आहे असं सांगितलं होतं म्हणून पाठवला.

रोहन बी-६०२: काकू, कार्टून नाही, अ‍ॅनिमे. काउबॉय बिबॉप. १९९८ ची जपानी मालिका आहे, दिग्दर्शक वातानाबेंची. जगभर नावाजलेली.

देशपांडे ए-५०३: नाव नाही विचारलं. सिगारेट का आहे ते विचारलं.

शिंदे सी-१०४: प्रोजेक्टर सोसायटीच्या पैशातून घेतला. हिशोब एजीएमसमोर आलेला नाही.

सेक्रेटरी: शिंदेसाहेब, तो विषय वेगळा. मॅडम, तुमची काळजी रास्त आहे. रोहन, जरा सगळ्यांना कळेल असं सांग बाळा.

रोहन बी-६०२: साल २०७१. अंतराळातल्या एका गेटच्या अपघातात चंद्राचा तुकडा उडालाय, पृथ्वीवर त्याचे दगड पडत असतात. म्हणून माणसं मंगळावर, गुरूच्या गॅनिमीड या चंद्रावर पांगलीत. पोलीस पुरे पडत नाहीत, मग गुन्हेगारांवर बक्षीस लावतात. ते पकडून देणारे हे काउबॉय. बिबॉप म्हणजे त्यांचं यान, मुळात मासेमारीचं. त्यावर स्पाइक, जेट, फे, नंतर एड नावाची एक अतरंगी मुलगी आणि आइन नावाचा कॉर्गी कुत्रा.

गायकवाड ए-२०२: कुत्र्याला कमिटीची एनओसी होती का? 😄

साठे बी-४०१: गायकवाड, टोमणा पोचला. आमचा ब्रूनो लिफ्टमध्ये एकदाही घाण करत नाही. करणारे दुसरे आहेत, नाव घेत नाही.

गायकवाड ए-२०२: मी कॉर्गीबद्दल बोलतोय हो!

कदम सी-३०३: मी पण बसले होते काल. मला तर आवडलं. पहिल्याच भागात तो जेट ढोबळी मिरची आणि मांस करतो, आणि त्यात मांसच नसतं. स्पाइक चिडतो तर म्हणतो, पैसे नसले की त्यालाही तेच नाव. आमच्याकडे महिनाअखेरीला वेगळं काय असतं!

देशपांडे ए-५०३: त्याच भागात गोळीबार होता आणि डोळ्यांत मारायचं ड्रग होतं, ते नाही दिसलं तुम्हाला?

कदम सी-३०३: दिसलं ना ताई. म्हणून तर मुलांना घेऊन बाहेर सरबत द्यायला गेले मध्येच. बघायला तुम्ही नव्हता.

शिंदे सी-१०४: प्रोजेक्टर सोसायटीच्या पैशातून घेतला. हिशोब?

परांजपे ए-१०१: मी थोडं बोलू का? मी सगळे २६ भाग पाहिलेत, रोहननेच लावून दिले. माझं व्हिडिओ लायब्ररीचं दुकान होतं, जुन्या लोकांना आठवत असेल. १८ वा भाग माझ्यासाठीच काढलाय असं वाटलं. फेच्या नावाने एक पार्सल येतं, त्यात बेटामॅक्स, म्हणजे जुन्या पद्धतीची व्हिडिओ कॅसेट. ती चालवायला मशीनच कुठे उरलेलं नाही. एका जुन्या वस्तूंच्या शौकिनाकडे सापडतं, तर चित्र बिघडतं म्हणून स्पाइक मशीनला लाथ घालतो, संपलं. मग तो आणि जेट पृथ्वीवर येऊन जमिनीखालच्या पडक्या संग्रहालयात उतरतात, पाय तुटेस्तोवर चालतात आणि मशीन उचलून आणतात. आणि ते निघतं व्हीएचएस, दुसऱ्याच पद्धतीचं! बेटाची कॅसेट लहान, व्हीएचएसची मोठी. दुकानात माझ्याकडे दोन्ही होत्या, मी डोळे मिटून सांगितलं असतं. पुढे त्या टेपमध्ये फेच...

रोहन बी-६०२: काकाऽऽ! स्पॉयलर!! आपण दुसऱ्याच भागावर आहोत.

परांजपे ए-१०१: १९९८ च्या गोष्टीचा कसला स्पॉयलर रे? तू तेव्हा जन्मलाही नव्हतास.

हा मेसेज डिलीट केला आहे.

गायकवाड ए-२०२: साठे, वाचलं मी. स्क्रीनशॉट आहे.

सेक्रेटरी: कृपया विषयाला धरून बोला 🙏

कुलकर्णी बी-२०१: मॅडमचं अगदीच चूक नाही. जपानमध्येच टीव्ही टोकियोने १९९८ साली सगळी मालिका दाखवली नव्हती. हिंसेमुळे निम्म्याहून जास्त भाग गाळले. २, ३, ७ ते १५ आणि १८ एवढेच लागले, पहिला भागसुद्धा नाही. अख्खे २६ नंतर वॉवॉव या सॅटेलाइट वाहिनीवर आले. मुलांसाठी तेच १२ लावा, विषय मिटला.

रोहन बी-६०२: पाचवा नाही म्हणजे चर्चमधली मारामारीच गेली. योको कान्नोचं ते संगीत...

कुलकर्णी बी-२०१: ते तू हेडफोन लावून बघ. त्या लोकांनी शेवटी एक जोडभाग करून त्यात चक्क लिहिलं होतं की हा शेवट नाही, खरा काउबॉय बिबॉप तुम्ही एक दिवस पाहाल.

गायकवाड ए-२०२: आपल्या लिफ्टवाल्याची एएमसी पण असंच म्हणते.

शिंदे सी-१०४: परत लिहितो. प्रोजेक्टर सोसायटीच्या पैशातून घेतला.

कदम सी-३०३: बारात ११ वा आहे ना? तो दाखवाच. स्पाइक फ्रीजमध्ये खेकड्याच्या जातीचं काहीतरी ठेवून वर्षभर विसरतो, त्याचं जिवंत लिबलिबित भूत होऊन सगळ्यांना चावत सुटतं. शेवटी अख्खा फ्रीज अंतराळात सोडावा लागतो. यावरून आठवलं, क्लबहाऊसच्या फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात गणपतीपासून एक निळ्या झाकणाचा डबा आहे. झाकण फुगलंय. कुणाचा?

साठे बी-४०१: आमचा नाही.

गायकवाड ए-२०२: आमचाही नाही. निळं झाकण ए विंगमध्ये कुणाकडे नाही.

देशपांडे ए-५०३: ए विंगचं नाव कशाला मध्ये? डबा माझा आहे. श्रीखंड होतं, कार्यकर्त्यांसाठी पाठवलं होतं, कुणी खाल्लं नाही तर मी काय करू?

सेक्रेटरी: मॅडम, हरकत नाही, मावशींना सांगतो. तर ठरलं. दर शनिवारी ७ वाजता, ते १२ भाग, बरोबर एक मोठं माणूस बसेल.

देशपांडे ए-५०३: त्या १२ मध्ये सिगारेट नाही ना?

रोहन बी-६०२: ...आहे काकू.

कुलकर्णी बी-२०१: धूर जपान्यांनी कापला नाही. सॉरी.

देशपांडे ए-५०३: मग मीच बसेन बाजूला. ८ ला बंद म्हणजे बंद. आणि कालचे समोसे फार तेलकट होते.

शिंदे सी-१०४: समोसे कोणत्या खात्यातून आणले?