बी विंगचा जिना, रात्री ९:०७

बी-५०३ ताई (सकाळी ७:४२)
कुणाचं नाव घेत नाहीये. परवा रात्री बाबा बी विंगच्या जिन्यात, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये पडले. काल वॉचमनच्या केबिनमध्ये बसून फुटेज पाहिलं. ९:०७ ते ९:१८. शेवटी वॉचमन राउंडला आला म्हणून कळलं. तोवर सहा माणसं शेजारून गेली. चौघांना मी ओळखते, दोघांची नुसती पाठ दिसते. मनगटाला प्लास्टर आहे, बाकी ठीक. एवढंच सांगायचं होतं.

बी-५०३ ताई (७:४३)
नाही, एवढंच नाही. हे चूक आहे की नाही ते कुणीतरी सांगा.

सेक्रेटरी
वाचून फार वाईट वाटलं. आजोबांना लवकर बरं वाटो. संध्याकाळी कमिटीतर्फे भेटायला येतो. फुटेज ग्रुपवर टाकू नये ही नम्र विनंती 🙏

ए-२०४
मूळ मुद्दा लिफ्टचा आहे. बी विंगची लिफ्ट आठ दिवस बंद. लिफ्ट चालू असती तर आजोबा जिन्याने आलेच नसते.

बी-६०२ काका
🌹 परोपकारः पुण्याय पापाय परपीडनम् 🌹 सर्वांचा दिवस आनंदात जावो.

डी-१०४
काका, काय ते टायमिंग!

बी-६०२ काका
अहो, वरचं वाचलंच नव्हतं. सवयीने रोजचं टाकलं. माफ करा ताई.

सी-४०१ मॅडम
काकांनी नकळत नेमकं टाकलंय. व्यासांच्या त्या ओळीत दोनच खाने आहेत. उपकार केला तर पुण्य, पीडा दिली तर पाप. जो दोन्ही न करता नुसता शेजारून निघून गेला, त्याचा खाना कोरा आहे. आजचा प्रश्न तोच आहे.

डी-१०४
थोडक्यात, व्यासांनीही 'मेसेज वाचला, उत्तर दिलं नाही'.

बी-३०१
'नाव घेत नाहीये' म्हणायचं आणि 'चौघांना ओळखते' हेही म्हणायचं. दुसऱ्याच्या वर राहणारे किती जण आहेत, सगळ्यांना कळतं. माझा मुलगा त्या वेळी क्लासवरून येतो. त्याने आजोबांना विचारलं होतं, मला त्याच रात्री सांगितलंय त्याने.

बी-५०३ ताई
फुटेजमध्ये तो मोबाइल बघत चढताना दिसतो. थांबला असेल तर दोन सेकंद.

बी-३०१
म्हणजे माझा मुलगा खोटं बोलतो?

बी-५०३ ताई
मी असं म्हटलेलं नाही. जे दिसलं ते सांगितलं.

बी-३०१
गळतीच्या वेळीही तुम्हाला असंच सगळं 'दिसलं' होतं. पाणी आमच्या बाथरूममधून येतं म्हणून. शेवटी कुठून निघालं?

सेक्रेटरी
गळतीचा विषय मागच्या सभेत संपला आहे. कृपया.

बी-३०१
तुमच्यासाठी संपला.

ए-२०४
पुन्हा टाकतोय, कुणी उत्तर दिलेलं नाही. लिफ्ट आठ दिवस बंद का? एएमसी, म्हणजे देखभालीचं कंत्राट, कुणाकडे आहे? लिफ्ट चालू असती तर हा प्रसंगच आला नसता.

ए-७०२ वकील साहेब
ताईंच्या प्रश्नाला कायद्याच्या बाजूने उत्तर देतो. आपल्याकडे अनोळखी माणसाला मदत केली नाही, एवढ्यावरून सर्वसाधारणपणे गुन्हा होत नाही. आधी कायदेशीर कर्तव्य असावं लागतं, म्हणजे आईबाप आणि मूल, किंवा ज्याने सांभाळायची जबाबदारी घेतली आहे तो. १८३७ साली दंडसंहितेचा पहिला मसुदा झाला तेव्हा तो करणाऱ्या मेकॉलेने यावर टिपण लिहिलं होतं. भुकेलेल्याला घासभर भात नाकारणारा श्रीमंत हा भात हिसकावून खाणाऱ्या उपाशी माणसापेक्षा कितीतरी वाईट असू शकतो, तरी शिक्षा हिसकावणाऱ्याला होते, निर्दयपणाला नाही. हे त्याला पटत होतं असं नाही. रेघ कुठे ओढायची, ही त्याची अडचण होती.

सी-४०१ मॅडम
पण वकील साहेब, गुन्हा नाही याचा अर्थ चूक नाही असा होत नाही. आणि रेघ ओढणारे देशही आहेत.

ए-७०२ वकील साहेब
आहेत ना. जर्मनीत कलम ३२३सी. अपघातात किंवा संकटात, स्वतःला मोठा धोका नसताना मदत केली नाही तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. फ्रान्समध्ये २२३-६, तिथे पाच वर्षांपर्यंत.

डी-१०४
सहा जणांची पाच पाच वर्षं म्हणजे तीस. पार्किंगचा प्रश्न सुटला.

बी-६०२ काका
😂😂

बी-५०३ ताई
हसा. तुमचे वडील नव्हते पडलेले.

डी-१०४
सॉरी ताई. खरंच सॉरी.

ए-५०१
एक बाजू मांडू का? मागे रस्त्यावर एका पोराला उचललं तर तीन तास माझीच चौकशी. तेव्हापासून ठरवलंय, आपण बरं नि आपलं काम बरं. लोक वाईट नसतात, पोळलेले असतात.

ए-७०२ वकील साहेब
त्याला आता संरक्षण आहे. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मार्गदर्शक सूचनांना मान्यता दिली, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४ए आलं. मदत करणाऱ्याला नाव सांगायची सक्ती नाही, चांगल्या हेतूने मदत करताना काही चुकलं तरी दावा नाही. मात्र ते रस्त्यावरच्या अपघातापुरतं.

डी-१०४
जिन्यात पडणाऱ्यांनी नोंद घ्यावी. (बस, यानंतर मी गप्प.)

डी-१०१ डॉक्टर
ड्यूटीवर होतो, आत्ता वाचलं. एक सांगतो. वयस्कर माणूस पडला तर काखेत हात घालून ओढून उभं करू नका. खुब्याचं हाड मोडलेलं असलं तर नुकसान वाढतं. शेजारी बसा, बोला, कुठे दुखतंय विचारा, फोन करा. याला ना ताकद लागते ना शिक्षण. 'मला त्यातलं कळत नाही म्हणून गेलो' असं सांगणाऱ्याला न कळण्यासारखं त्यात काही नसतं.

ए-२०४
पुन्हा टाकतोय. लिफ्ट. सेक्रेटरी साहेब, उत्तर द्या. लिफ्ट चालू असती तर हा प्रसंगच आला नसता.

सेक्रेटरी
पार्ट मागवला आहे हे नोटीस बोर्डवर पाच दिवसांपासून लिहिलेलं आहे. साहेब, आपण ए विंगमध्ये राहता. बी च्या लिफ्टची आपली तळमळ समजू शकलो नाही.

ए-२०४
मी स्वतः परवा गच्चीवरची टाकी बघायला बी चा जिना चढून गेलो. जे चढतात त्यांना कळतं. ग्राउंडला राहणाऱ्यांना काय.

सेक्रेटरी
मी ग्राउंडला राहतो हा गुन्हा आहे का? की तोही कर्तव्यच्युतीत बसतो, वकील साहेब?

सी-२०२
मी मध्ये बोलते, लहान असले तरी. आम्हाला मानसशास्त्रात हेच होतं. १९६४ ला न्यूयॉर्कमध्ये एका तरुणीचा खून झाला. ३८ जणांनी पाहिलं आणि कुणी काही केलं नाही अशी बातमी गाजली. मग १९६८ मध्ये डार्ली आणि लाताने यांनी प्रयोग केला. इंटरकॉमवर एकाला फिट आल्यासारखा आवाज. ऐकणाऱ्याला 'मी एकटाच ऐकतोय' असं वाटत होतं तेव्हा ८५ टक्के मदतीला उठले. आणखी चौघे ऐकतायत असं वाटलं तेव्हा ३१ टक्के.

बी-३०१
बघा. म्हणजे हा माणसाचा स्वभाव आहे, पाप नाही.

सी-२०२
काकू, तसं नाही. ती ३८ जणांची बातमीच फुगवलेली निघाली. ज्या वर्तमानपत्राने ती छापली त्यानेच २०१६ मध्ये मान्य केलं. आणि २०१९ च्या एका अभ्यासात अॅम्स्टरडॅम, लँकेस्टर आणि केपटाऊनमधलं खरं सीसीटीव्ही फुटेज तपासलं, २१९ भांडणं. दहातल्या नऊ भांडणांत कुणी ना कुणी मध्ये पडलंच होतं. म्हणजे सगळेच दगड नसतात.

बी-५०३ ताई
मग आमच्या जिन्यात दहावा नंबर लागला म्हणायचं.

सी-२०२
भांडणाचा आवाज होतो ना ताई. आजोबा गप्प बसलेले. पायरीवर बसलेला माणूस दमलेलाही असू शकतो. चौथ्याला वाटतं, आधीच्या तिघांनी विचारलं असेल.

बी-५०३ ताई
आणि वाटून घेणं हे सोयीचं असतं.

सी-४०१ मॅडम
हे ताईंचं वाक्य मी विद्यार्थ्यांना सांगितलं असतं. तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांचा १९७२ चा युक्तिवाद आहे. तळ्यात मूल बुडतंय, तुम्ही शेजारून चाललाय, उतरलात तर कपडे चिखलाने माखतील, एवढंच. न उतरणं चूक, हे कुणीही मान्य करेल. मग ते म्हणतात, काठावर आणखी नऊ जण नुसते उभे असले तर तुमची जबाबदारी एक दशांश होते का? दहा जण दहा भाग वाटून घेतात आणि मूल पूर्ण बुडतं.

ए-५०१
मॅडम, या हिशेबाने जगात रोज कुठे ना कुठे मूल बुडतंय. मग झोपायचं कधी?

सी-४०१ मॅडम
सिंगर यांना सगळ्यात जास्त वेळा हाच प्रश्न विचारला गेलाय, आणि तो रास्त आहे. जर्मन तत्त्वज्ञ कांट म्हणायचा, मदत करणं कर्तव्य आहेच, पण किती, कुणाला, कधी यात मोकळीक आहे. खोटं न बोलण्यात तशी मोकळीक नाही. फक्त मोकळीक म्हणजे सुट्टी नव्हे. लांबचं मूल हा अवघड प्रश्न आहे, मलाही सुटलेला नाही. जिना अवघड नाही. ज्याला ओलांडायला पाय उचलून बाजूला टाकावा लागतो, तो लांब नसतो.

बी-६०२ काका
मॅडम, मी त्या सहांतला आहे.

बी-६०२ काका
सकाळपासून लिहू की नको चाललं होतं. भाजणीला, नाही, मोबाईल चुकीचं शब्द टाकतो, भजनाला उशीर झाला होता. आजोबा बसलेले दिसले. वाटलं, दम खात असतील, परतताना विचारू. परतलो तेव्हा जिना रिकामा होता, आणि खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

सी-२०२
काका, १९७३ ला प्रिन्स्टनमध्ये धर्मशिक्षण घेणाऱ्या ४० विद्यार्थ्यांवर प्रयोग झाला होता. काही जण तर संकटातल्या वाटसरूला मदत करण्याच्या दृष्टांतावरच बोलायला चालले होते. वाटेत एक माणूस कण्हत पडलेला. वेळ हाताशी होता त्यांतले ६३ टक्के थांबले. 'उशीर झालाय, पळा' असं सांगितलेल्यांतले फक्त १० टक्के.

डी-१०४
(गप्प राहायचं वचन मोडतो.) म्हणजे काका विज्ञानाला धरून वागले.

बी-६०२ काका
नको रे. भजनाला जाताना ओलांडून गेलो ते गेलोच.

बी-५०३ ताई
काका, लिहिलंत त्याबद्दल आभार. बाकीचे चार जण?

बी-३०१
'पाच' का नाही? म्हणजे माझा मुलगा सुटला की अजून धरलाय?

बी-५०३ ताई
मला नाही माहीत. फुटेजला आवाज नाही.

ए-२०४
पुन्हा टाकतोय. एकमेकांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करण्यापेक्षा मूळ कारण बघा. लिफ्ट चालू असती तर हा प्रसंगच आला नसता.

सेक्रेटरी
लिफ्टवरील पुढील मेसेज अॅडमिनला काढावे लागतील. आदरपूर्वक 🙏

ए-२०४
काढा. सत्य झोंबतं.

बी-५०३ आजोबा (दुपारी १:२६)
नमस्कार मंडळी. डाव्या हाताने आणि जुन्या चष्म्याने लिहितो आहे, चुका पोटात घाला. माझ्यावरून भांडू नका. ३०१ च्या मुलाने विचारलं होतं. 'आजोबा, बरं वाटत नाहीये का' म्हणाला. मी म्हटलं काही नाही रे, जरा बसलोय, तू जा. खोटं मी बोललो, तो नाही.

बी-३०१
आजोबा 🙏🙏 किती बरं वाटलं म्हणून सांगू.

बी-५०३ ताई
बाबा, हे मला का नाही सांगितलंत?

बी-५०३ आजोबा
तू विचारलंस कोण कोण गेलं. मी काय म्हणालो ते नाही विचारलंस.

डी-१०१ डॉक्टर
आजोबा, मोडलेलं मनगट घेऊन 'काही नाही'?

बी-५०३ आजोबा
पोरासमोर कसं सांगायचं की उठता येत नाही. चाळीस वर्षं हाताखाली माणसं होती. त्याने दुसऱ्यांदा विचारलं असतं तर बहुतेक सांगितलं असतं. पण सोळा वर्षांच्या मुलाने दोनदा विचारावं, हा हट्ट मी धरणार नाही. मोठ्यांनी एकदा विचारायला हरकत नव्हती.

सी-४०१ मॅडम
आजोबा, यावर मला काही लिहिता येत नाहीये.

बी-५०३ ताई
३०१, मुलाला माझा निरोप द्या. मी येते संध्याकाळी.

बी-३०१
या. गळतीचा डागही बघून जा, अजून आहे.

बी-५०३ आजोबा
एक काम आहे. पडलो तेव्हा माझा चष्मा खाली घरंगळला. सोनेरी काडीचा, उजव्या बाजूला दोरा बांधलेला. कुणाला मिळाला का? वॉचमनकडे नाही.

ए-२०४
माझ्याकडे आहे. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पडलेला होता, कुणाच्या पायाखाली येऊन फुटेल म्हणून उचलून ठेवला. कुणाचा ते कळलं नाही. आणून देतो.

बी-५०३ ताई
किती वाजता मिळाला?

बी-५०३ ताई
ए-२०४, किती वाजता?

डी-१०४
आई शप्पथ.

ए-२०४
🚫 हा मेसेज डिलीट केला गेला आहे

सेक्रेटरी
सर्वांना विनंती, विषय इथेच थांबवावा.

बी-५०३ आजोबा
२०४ नी काय लिहिलं होतं? या जुन्या चष्म्याने वाचायला वेळ लागतो, तेवढ्यात गेलं.