ज्यांना लुबाडलं, ते बावळट नव्हते

निळीशाई

परदेशातल्या मोठ्या शहरांत चोर-भामट्यांपासून कसं जपायचं, यावरच्या लेखाखाली परवा चौकस यांनी लिहिलं: "सतरा देश फिरलो, एक पैसा गेला नाही. ज्यांचं जातं ते बावळटासारखे वावरतात म्हणून जातं. डोळे उघडे ठेवा, विषय संपला." त्याखाली अनुमोदनांची रांग लागली. दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही.

माझ्या आत्याचं पाकीट मागच्या उन्हाळ्यात बार्सिलोनाच्या मेट्रोत गेलं. आत्याने आयुष्यभर हिशेब तपासायचं काम केलं, तिच्या नजरेतून आकडा सुटत नाही. मी तिच्या शेजारीच होते, त्यामुळे घडलं ते सांगते. कातालुन्या चौकाच्या स्थानकात गाडी आली. आमच्या पुढची बाई दारात चढली आणि तिथेच थबकून पिशवीत काहीतरी शोधायला लागली. आत्या तिच्यावर आदळली. मागून आणखी दोघी रेटत आल्या. त्यातल्या एकीच्या हातावर घडी घातलेला कोट होता, भर जुलैत. दार लागायच्या आत तिघीही उतरून गेल्या. आम्हाला वाटलं, चुकीच्या गाडीत चढल्या असतील. आत्याने पर्स बघितली, चेन बंद होती, म्हणून ती निर्धास्त झाली. त्यांनी पाकीट काढून चेन पुन्हा लावून ठेवली होती! पाच स्थानकांनंतर तिकीट काढायला हात घातला तेव्हा कळलं.

एकीने अडवायचं, दुसरीने रेटायचं, तिसरीने काढायचं. त्या बायका हे दिवसभर, रोज, वर्षानुवर्षं करतात. आत्या त्या गाडीत जन्मात एकदा चढली. पॅरिसचं लूव्र संग्रहालय एप्रिल २०१३मध्ये एक दिवस बंद राहिलं, कारण खिसेकापूंच्या टोळ्यांना वैतागून तिथल्या कर्मचाऱ्यांनीच काम थांबवलं. रोज त्याच दालनांत उभी राहणारी माणसं जिथे हात टेकतात, तिथे चार दिवसांच्या पाहुण्याला बावळट म्हणायचं?

आणि खरा राग कशाचा आलाय ते सांगते. आत्याने पोलिसांत तक्रार केली नाही. "या वयात फसले म्हणून हसतील," म्हणाली. घरी आल्यावर विमा कंपनीने पहिला कागद मागितला तो पोलीस तक्रारीचा. तो नव्हता, दावा फेटाळला. तिचं अर्ध नुकसान त्या तिघींनी केलं. उरलेलं तुमच्यासारख्यांच्या वाक्यांनी केलं.

चौकस

निळीशाई, तुमच्या आत्यांबद्दल वाईट वाटलं. पण तुमचाच मजकूर पुन्हा वाचा. भर जुलैत हातावर कोट. तुम्हाला दिसला होता. तेवढ्यावर आत्यांची पर्स पुढे ओढून घेतली असती तर हा धागा लिहावा लागला नसता. मी दुसरं काय म्हणतोय?

गाडीच्या दारात मी कधी उभा राहत नाही, कारण सगळा खेळ दारातच होतो. काढून पळायला दार लागतं. बॅग पाठीवर नाही, छातीवर. उपाहारगृहात फोन टेबलावर ठेवत नाही, कारण कुणीतरी येतो, त्यावर नकाशा पसरून पत्ता विचारतो, आणि नकाशाबरोबर फोनही उचलून नेतो. रस्त्यात आपणहून बोलायला येणाऱ्याला मी उत्तर देत नाही. बँकॉकच्या राजवाड्याबाहेर एक छान इस्त्रीचे कपडे घातलेला गृहस्थ म्हणाला, आज बंद आहे, चला दुसरी मंदिरं दाखवतो, टुकटुक (तिथली रिक्षा) स्वस्तात ठरवून देतो. मी सरळ पुढे तिकीट खिडकीपर्यंत गेलो. राजवाडा उघडा होता. त्या टुकटुकमध्ये बसलेल्यांना शेवटी रत्नांच्या दुकानात नेऊन बसवतात, हे निघण्याआधी वाचून गेलो होतो. वाचायला पैसे पडत नाहीत. लोक हॉटेलच्या नाश्त्याचे दहा अभिप्राय वाचतात आणि हे वाचत नाहीत, मग हळहळतात.

कोरापान

मी एकटी फिरते, म्हणून दोन्ही बाजू अंगावर घेतल्यात.

पॅरिसमध्ये मोंमार्त्रला साक्रे-कर चर्चच्या पायऱ्यांपाशी एकाने हसून हात पुढे केला. मीही केला. हात पुढे आला की आपण हात देतो, अंगवळणी पडलेलं असतं. त्याने माझ्या बोटात रंगीत दोऱ्याचा फास अडकवून ताणला आणि वेणी घालायला लागला. म्हणजे बोट दोऱ्यात आणि दोऱ्याची टोकं त्याच्या मुठीत. पळायचं तरी कसं? तोवर त्याचे दोन मित्र माझ्या मागे येऊन उभे. पैसे दिले आणि सुटले. त्या प्रकाराबद्दल मी आधी वाचलेलं होतं, चौकस. "दोरेवाले" असं वाचलं होतं. हात पुढे करणारा हसरा मुलगा म्हणजे दोरेवाला, हे वाचून कळत नाही.

त्यानंतर मी तुमच्यासारखीच झाले. कुणालाही उत्तर नाही, हात खिशात. पुढच्या शहरात एक बाई मागून हाका मारत आली. मी चाल वाढवली. ती धावायला लागली, मीही जवळजवळ धावत सुटले. दोन चौक ओलांडल्यावर तिने मला गाठलं. धापा टाकत होती. तिच्या हातात माझा पासपोर्ट होता, बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यातून पडलेला. तिच्याशी मी जशी वागले त्याची आजही लाज वाटते.

वाटसरू

पासपोर्ट बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात?? मुळात तो बाहेर काढलाच कशाला? हॉटेलच्या खोलीत तिजोरी असते, त्यात ठेवायचा. जवळ रंगीत छायाप्रत आणि फोनमध्ये फोटो. हे इतकं साधं आहे.

अबोली

वाटसरू, ठाम असहमत. जपानमध्ये परदेशी पाहुण्याने मूळ पासपोर्ट कायम जवळ बाळगायचा असा कायदा आहे, नसेल तर दंड होतो. छायाप्रत चालत नाही. युरोपात रेल्वेने सीमा ओलांडताना कधीकधी डब्यात येऊन तपासतात. आणि तिजोरीचं म्हणाल तर ती उघडायचा दुसरा आकडा हॉटेलकडे असतोच, नाहीतर आपण आकडा विसरल्यावर ते कशी उघडून देतात?

आमचे पासपोर्ट त्या तिजोरीनेच घालवले होते. चोरीला नाही गेले, आम्हीच विसरलो. पहाटेचं विमान, सामान बांधायची घाई, तिजोरी कपाटाच्या आत, कपाटाचं दार बंद. विमानतळावर रांगेत उभं राहिल्यावर नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. टॅक्सीने परत, पुन्हा विमानतळ, विमान गेलेलं. तेव्हापासून पासपोर्ट कपड्यांच्या आत, कमरेच्या चपट्या पट्ट्यात. रात्रीसुद्धा उशीखाली.

वाटसरू

विसरणं हा तुमचा घोळ, तिजोरीचा नाही. एक बूट तिजोरीत ठेवा, विसरायची सोय राहणार नाही. जपानचा कायदा मान्य, तिथे जवळ ठेवा. पण जपानमध्ये खिसे कापले जायची भीती ती किती? रोमच्या ६४ नंबरच्या बसमध्ये, तेर्मिनी स्थानकाहून व्हॅटिकनकडे जाणाऱ्या, तो कमरेचा पट्टा घालून चढा आणि मग बोला. गर्दीत शर्ट वर करून पट्ट्यातून पैसे काढणारे प्रवासी मी डोळ्यांनी बघितलेत. अख्ख्या बसला दाखवतात घबाड कुठे आहे ते.

अबोली

पट्ट्यातून रस्त्यात काही काढायचं नसतं! दिवसाचे पैसे पुढच्या खिशात वेगळे. पट्टा फक्त खोलीत उघडायचा. न वापरता वस्तूला नावं ठेवू नका. आणि "तुमचा घोळ" ही भाषा नको. तीस तास विमानतळावर दोन मुलं घेऊन काढलेत आम्ही.

दूरचा_दिवा

दोघांनी जरा थांबा. पासपोर्ट हरवल्यावर काय होतं ते एकदा बघा, मग ठरवा कुठे ठेवायचा. माझ्या कचेरीतल्या सहकाऱ्याचा गेला होता, मी त्याच्याबरोबर फिरलो.

आधी पोलीस चौकी. तक्रार स्थानिक भाषेत, दुभाष्याची वाट बघण्यात दुपार गेली. मग आपला दूतावास, तो दुसऱ्या शहरात. तिथे तक्रारीची प्रत, फोटो, नागरिकत्वाचा पुरावा. त्याच्याकडे फोनमध्ये पासपोर्टचा फोटो होता, पण फोनही त्याच बॅगेत गेलेला. शेवटी बहिणीने घरून पाठवलं. मिळाला तो मायदेशी परतण्यापुरता तात्पुरता दाखला. त्यावर पुढच्या देशात जाता येत नाही, कारण व्हिसाचा कागद जुन्या पासपोर्टाला चिकटलेला. उरलेला प्रवास रद्द.

म्हणून सगळं एका जागी नको. पासपोर्ट अंगावर असेल तर एक कार्ड खोलीवर. पासपोर्ट खोलीवर असेल तर त्याची प्रत अंगावर. आणि पासपोर्टाचा फोटो घरच्या एखाद्या माणसाकडे, जो रात्री फोन उचलतो.

आता मूळ विषय. चौकस सगळं प्रवाशावर टाकतात, ते मला पटत नाही. स्पेनमध्ये ४०० युरोंपर्यंतची साधी चोरी किरकोळ गुन्हा धरतात, बहुधा दंडावर भागतं. बार्सिलोनात टोळ्या टिकून राहिल्या त्यात याचा मोठा हात आहे असं माझं मत. उलटं उदाहरण प्रागचं. तिथे चलन बदलून देणारे पाहुण्यांना उघड लुटायचे, पाटीवर एक दर आणि हातात भलताच. २०१९मध्ये कायदा बदलला: पटलं नाही तर तीन तासांच्या आत पावती घेऊन परत जा, व्यवहार रद्द. प्रवासी तेच राहिले, कुणी रातोरात हुशार झालं नाही. नियम बदलला.

चौकस

कायदे बदलायला तुम्ही-मी जाणार आहोत का? पुढच्या महिन्यात तिकीट असलेल्या माणसाला मी काय सांगू, स्पेनची संसद काय करते ते बघ? त्याच्या हातात त्याची बॅग आहे, तेवढंच आहे.

आणि पासपोर्टावर इतकं भांडताय, पण आज खरं घबाड फोन आहे. लंडनमध्ये पदपथाच्या कडेला उभं राहून नकाशा बघत असतात, मागून विजेची सायकल येते आणि फोन हातातून उपटून नेते. उघडा फोन. त्यात बँक, ईमेल, कार्ड, सगळं. व्हिडिओ काढण्याच्या नादात हात लांब करून रस्त्याकडे पाठ करणारे तर आमंत्रणच देतात. रस्त्यात फोन बघायचा असेल तर भिंतीकडे तोंड करा किंवा दुकानात शिरा. आयफोन असेल तर चोरीपासून संरक्षणाची सोय आधी चालू करा. जानेवारी २०२४च्या आयओएस १७.३पासून ती आहे: घरापासून दूर असताना नुसत्या पासकोडवर महत्त्वाच्या गोष्टी बदलता येत नाहीत. स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून येणारा आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, घरी लिहून ठेवा, तक्रारीत लागतो.

कोरापान

हे सगळं उपयोगाचं आहे, चौकस. हेच आधी लिहिलं असतंत तर कुणाचीच हरकत नव्हती. आम्ही भांडतोय त्या एका शब्दावर. जिचं जातं तिला बावळट म्हटलं की ती पुढच्या वेळी सांगत नाही. ती सांगत नाही, म्हणून माझ्यासारखीला "दोरेवाले" एवढंच वाचायला मिळतं. आधी हात पुढे करतात, हे कुणी लिहिलेलंच नसतं.

वाटसरू

अबोली, पुढच्या खिशाबद्दल सहमत. तिजोरीबद्दल नाही. मुलांबरोबर तीस तास म्हणजे हाल झाले असणार, ते वाक्य मी तसं लिहायला नको होतं.

अबोली

ठीक. बुटाची युक्ती मुलांच्या बाबांना सांगितली. तरीही पट्टाच.

चौकस

कोरापान, दोन दिवस सगळे एका शब्दावर अडून बसलात. घ्या, "बावळट" मागे घेतो. बाकी एक अक्षर मागे घेत नाही. चेन पुन्हा लावून ठेवतात हे मलाही नवीन होतं, मी आजवर चेन बंद दिसली की पुढे चालायचो.

निळीशाई

धन्यवाद, तेवढंच हवं होतं. काल आत्याला हा धागा वाचून दाखवला. चेनचं लोकांना सांग, म्हणाली. यापुढे ती दर स्थानकाला हात लावून पाकीट जागेवर आहे ना बघणार आहे, इतरांनीही बघावं असं तिचं म्हणणं.

चौकस

आत्यांना नमस्कार सांगा, पण कृपा करून हे करू देऊ नका. गर्दीच्या जागी "खिसेकापूंपासून सावध" असा फलक असतो. तो वाचला की माणसाचा हात आपोआप पाकिटावर जातो, आणि चोर फलकाजवळ उभा राहून तेवढंच बघत असतो. चाचपलं की त्याला जागा कळली. पर्स काखेत घेऊन कोपराखाली दाबून धरायची आणि गाडीतून उतरेपर्यंत कोपर हलवायचं नाही. चढताना पुढचं कुणी दारात थबकलं तर एक पाऊल मागे यायचं आणि ती गाडी सोडून द्यायची. पुढची तीन-चार मिनिटांत येते.

निळीशाई

कोपराचं सांगते. गाडी सोडायला ती तयार होईल असं वाटत नाही, पण सांगून बघते.