महिदपूरचा माल्कम आणि इराणचा इतिहास लिहिणारा माल्कम एकच का?

छत्रीबाग_इंदूर :
नमस्कार मंडळी. आमच्या गल्लीतल्या वाचनालयात महिदपूरच्या लढाईवर बोलायचं कबूल केलंय. 21 डिसेंबर 1817, क्षिप्रेचा काठ, अकरा वर्षांचे मल्हारराव होळकर (तिसरे), त्यांच्या नावाने कारभार पाहणाऱ्या तुळसाबाईंचा आदल्याच दिवशी झालेला खून, हे सगळं आम्ही इंदूरकर लहानपणापासून ऐकत आलोय. समोरच्या इंग्रज फौजेतला जॉन माल्कमही ठाऊक. पण परवा त्याच नावाच्या माणसाने लिहिलेला इराणचा इतिहास पाहिला, दोन खंड, 1815 चे. त्यात सेल्जूक, तैमूर, नादिरशहा, काजार अशा तुर्कवंशीय घराण्यांची आणि टोळ्यांची पानंच्या पानं आहेत. हाच का तो? फौजेतला माणूस तिकडे कसा पोचला? आणि त्याच्या लिखाणावर किती विसंबावं?

महूचा_मास्तर :
तोच. मी महूत इतिहास शिकवण्यात आयुष्य घालवलं. हे गाव म्हणजे त्याचीच 1818 सालची छावणी, त्यामुळे या माणसाला टाळून मला पुढे जाताच आलं नाही.

जन्म 1769, स्कॉटलंडमधला. मद्रासच्या फौजेत दाखल झाला तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं. टिपूशी 1792 साली तह झाला त्या सुमारास त्याने फारसी मनावर घेतली आणि तिच्या जोरावर शिपाईगिरीतून वकिलीत, म्हणजे परदरबारी राजदूताच्या कामात शिरला. काबूलचा जमानशाह पंजाबवर पुन्हा पुन्हा उतरत होता. त्याच्या पिछाडीला धाक म्हणून इराणला उभं करायचं आणि फ्रेंचांना तिकडे पाय रोवू द्यायचे नाहीत, एवढ्यासाठी गव्हर्नर जनरल वेलस्लीने माल्कमला पाठवलं. 1800 च्या सुरुवातीला तो इराणच्या बुशहर बंदरात उतरला, पुढच्या जानेवारीत तेहरानला तह झाला. 1808 साली पुन्हा गेला, तर फ्रेंचांचं वजन इतकं वाढलेलं की बुशहरच्या पुढे जाऊ दिलं नाही. 1810 ला तिसरी खेप.

ज्या फतेह अली शाहच्या दरबारात तो बसत होता, ते काजार घराणं मूळचं तुर्क टोळीतलं. राज्यकारभार फारसीत, पण घरात तुर्की. ज्या नादिरशहाने 1739 मध्ये दिल्ली लुटली तोही अफशार, म्हणजे तुर्कच. भटकी टोळी तख्तावर कशी चढते आणि चढल्यावर टोळीशी तिचं नातं काय उरतं, हे माल्कमला तिथे डोळ्यांनी पाहता आलं.

आता माझं म्हणणं ऐका, कारण हे मला मनापासून महत्त्वाचं वाटतं. त्याने माळवा लिहिला तो इराणात कमावलेल्या रीतीने. तिसऱ्या खेपेत त्याने तरुण अधिकारी चहूकडे पांगवले. पॉटिंजर आणि क्रिस्टी हे दोघे तर वेष पालटून बलुचिस्तानातून गेले. रस्ते, पाणी, टोळ्या, वसूल, सगळं टिपून आणायचं. 1818 नंतर इकडेही तेच केलं. हाताखालचे लोक कामाला लावले, आणि स्वतःकडे येणाऱ्याला मधे मुनशी नाही, चोपदार नाही, चारी दरवाजे उघडे. भिल्ल, पिंढारी, राजपूत, मराठे यांवर स्वतंत्र विवेचन असलेलं मध्य भारतावरचं पुस्तक 1823 ला निघालं. अहिल्याबाईंची हकीकत त्याने होळकरांच्या माणसांकडून घेतली, पण तेवढ्यावर थांबला नाही. सर्व थरांतल्या लोकांना विचारलं, आणि जितकं विचारलं तितका आदर वाढत गेला असं तो लिहितो. काही वर्षांपूर्वी ज्या घराण्याशी लढला त्याच्याच बाईबद्दल इतकं मन लावून लिहिणारा दुसरा गोरा अधिकारी मला तरी भेटला नाही.

नर्मदाकाठ :
मास्तर, रीतीबद्दल मान्य. पण 6 जानेवारी 1818 चा होळकरांशी मंदसोरचा तह करणाराही हाच. होळकरांचा राजपूत संस्थानांवरचा हक्क गेला, सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख गेला, जावरा गफूरखानाकडे गेलं. मग हाच माणूस लिहितो की अहिल्याबाईंचा काळ सुखाचा आणि नंतर अंदाधुंदी. पहिला भाग खरा आहे, माझ्या आजोळी महेश्वरला आजही लोक तेच सांगतात. पण दुसरा भाग जितका काळा रंगेल तितका कंपनीचा अंमल उजळ दिसतो. बोलताना हे श्रोत्यांना सांगितलंच पाहिजे.

महूचा_मास्तर :
सांगितलंच पाहिजे. यशवंतराव होळकरांवरचं प्रकरण तर त्या नजरेनेच वाचावं.

रेसिडेन्सी_रोड :
तुर्क लोकांबद्दल वाचायचं असेल तर माल्कमच्या पुढची पिढी बघा. तो 1827 ते 1830 मुंबईचा गव्हर्नर होता, तेव्हा कच्छमधला अलेक्झांडर बर्न्स त्याच्या नजरेत भरला. हाही आधी फौजी, मग वकील. रणजितसिंहांना नजर करायचे घोडे घेऊन सिंधूतून वर लाहोरला गेला, 1832 मध्ये बुखाऱ्याला. उझबेक अमिराची राजधानी, तुर्कमेनांचं वाळवंट, गुलामांचा बाजार, हे सगळं त्याच्या 1834 च्या पुस्तकात आहे. सोबत मोहनलाल काश्मिरी होता, दिल्लीत इंग्रजी शिकलेला. त्याने त्याच वाटेचा वृत्तांत स्वतः लिहिला. तीच वाट, तीच गावं, पण आपल्याकडच्या डोळ्यांनी. मी तर मोहनलाल आधी वाचा म्हणेन. बर्न्स 2 नोव्हेंबर 1841 ला काबूलमध्ये जमावाच्या हातून मारला गेला.

छत्रीबाग_इंदूर :
सगळ्यांचे आभार. भाषण आता असं बेतलंय : आधी लढाई, मग मंदसोरच्या तहाची कलमं, आणि त्याला लागूनच अहिल्याबाईंवरची पानं वाचून दाखवायची. इराणचा भाग मास्तर, तुम्हीच महूहून येऊन सांगाल का? वीस मिनिटं राखून ठेवतो. न्यायला गाडी पाठवेन.