घर बदललं तेव्हा नव्या घरात कशाला जागा दिली?

पुणे

गेल्या महिन्यात आम्ही घर बदललं. सात वर्षांत तिसरं. अकरा महिन्यांचा करार, तो दोनदा वाढवायचा, मग मालकांना जागा हवी असते आणि आपण किराणा दुकानात रिकामी खोकी मागत फिरतो. दर वेळी सामान बांधताना मी मनाशी ठरवते, नव्या घरी गेलं की पहाटे फिरायला जायचं, जेवताना फोन लांब ठेवायचा, मोडी शिकायची. खोकी सुटतात, पडदे लागतात, आणि ठरवलेलं तसंच राहून जातं.

या वेळी जरा वेगळं झालं. नव्या जागी इंटरनेटची जोडणी मिळायला नऊ दिवस लागले, आणि मोबाइलला रेंज फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीशी. चौथ्या दिवशी संध्याकाळी मी सासूबाईंची पत्र्याची ट्रंक उघडली. तीन घरं ती न उघडता आमच्याबरोबर फिरली होती. आत दोन लुगडी, पितळी अडकित्ता आणि तांबड्या खारव्याच्या जाड कापडात बांधलेला कागदांचा रुमाल, म्हणजे गठ्ठा. वरचाच कागद मोडीतलं खरेदीखत, सन १९०९ चं. शाई तपकिरी झालेली, पण रेघ अजून ताठ. मोडी लिहिणारे आधी पानभर आडवी शिरोरेघ ओढून घेत आणि मग हात शक्यतो न उचलता खाली अक्षरं गुंफत जात. शब्द तोडायचे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. मला त्यातलं ‘श्री’ आणि साल एवढंच लागलं. बराच वेळ तो कागद मांडीवर घेऊन बसून राहिले. घरात आता तो वाचू शकणारं कुणीच नाही, आणि माझ्या फोनमध्ये मोडीचे धडे सहा वर्षांपासून उतरवून ठेवलेले आहेत.

दुसऱ्या दिवशी खिडकीशी दोन फुटांचं टेबल मांडलं. तिथे प्लग नाही, म्हणूनच ती जागा निवडली. चार्जर चपलांच्या कपाटावर गेला. १९१० सालापासून असे कागद जपणाऱ्या भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीचे वर्ग होतात हे माहीत होतं. या वेळी नाव घातलं. संगणक आणि फोनवर अक्षरं दाखवणाऱ्या युनिकोड या जागतिक प्रमाणात मोडीला २०१४ साली स्थान मिळालं, त्यामुळे छापील मोडी फोनवर दिसते आणि सराव होतो. पण कारकुनाच्या हातचं पान वाचायला डोळाच तयार करावा लागतो.

म्हणून तुम्हाला विचारते. घर बदललंत तेव्हा काय ठरवलं होतं? नव्या घरात त्याला जागा मिळाली का? फोन, अॅप, कॅमेरे यांनी कुठे हात दिला आणि कुठे पंचाईत केली? सविस्तर लिहा, घाई नाही.

वरळी, मुंबई

ताई, आमचं घर एकदाच बदललं, पण बासष्ट वर्षांनी. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. तळमजला आणि वर तीन मजले, चाळीत ८० खोल्या, संडास प्रत्येक मजल्यावर सामाईक. चाळींच्या पुनर्विकासात ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ नव्या घरांच्या चाव्या दिल्या, त्यातलं एक आमचं. ५०० चौरस फूट, दोन बेडरूम. आमच्या पिढीतल्या कितीतरी माणसांचे डोळे या दिवसाची वाट पाहत मिटले. माझ्या मोठ्या भावाचेही.

मी पखवाज वाजवतो. चाळीत तो खुंटीवर, गादीच्या वळकटीच्या वर टांगलेला असायचा. काढायचा तर आधी कुणीतरी उठून जागा करून द्यायची. आता बेडरूमच्या कोपऱ्यात त्याच्यासाठी सागवानी चौरंग केलाय. सकाळी साडेसहाला डाव्या तोंडाला कणीक लावतो, ओल्या कणकेचा गोळा अंगठ्याने गोल गोल पसरत नेतो, आवाज खाली उतरत उतरत जागेवर येतो. पूर्वी हे बाहेर गॅलरीत बसून करायचो आणि शेजारची पोरं कणीक मागायला यायची. मी ठरवलं होतं, घर मोठं झालं की रोज तासभर रियाज. तो चालू आहे.

आता पंचाईत सांगतो. चाळीतली आमची शेजारीण, मंडळीची चाळीस वर्षांची मैत्रीण, आता आमच्याहून अकरा मजले वर राहते. परवा तिचा फोन आला, “वहिनी, येऊ का?” हे वाक्य आमच्या घराने कधी ऐकलं नव्हतं. तिकडे दारं रात्रीच लागायची. इकडे दार लावूनच बसतात, बेल वाजली की आधी पडद्यावर चेहरा दिसतो. मंडळीला वाईट वाटलं, मलाही वाटलं. मग नातीकडून व्हॉट्सअॅपवर आमच्या जुन्या मजल्याचा गट करून घेतला, त्याला जुन्याच चाळीचा नंबर दिला. महिन्याच्या दोन्ही एकादश्यांना सभागृहात भजन असतं. सभागृह राखून ठेवायला अॅप आहे, ते मी आता स्वतः करतो. गेल्या एकादशीला एकवीस माणसं होती.

ठाणे

भाडेकराराचा विषय निघालाच आहे तर आमचा अनुभव लिहितो. आपल्याकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर असते. पुष्कळांना वाटतं अकरा महिन्यांचा असला की नोंदणी नको. तसं नाही. आता हे काम घरबसल्या होतं, एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन येतो, आधारशी ठसा जुळला की झालं.

आमचा करार आईच्या नावावर करायचा होता. आईचा अंगठा उमटेना. उजवा, डावा, तर्जनी, परत अंगठा. एजंट म्हणाला, आजी, हात पुसा. तिने पदराला पुसले. मग ओल्या फडक्याने, मग कोरड्या. यंत्रावर दर वेळी लाल दिवा. पंचेचाळीस वर्षं तिने राखेने आणि नंतर पावडरीने भांडी घासली, धुणी धुतली. बोटांवरच्या रेघा झिजून गेल्यात. ती काही बोलली नाही, फक्त स्वतःच्या हाताकडे पाहत राहिली. शेवटी डाव्या हाताच्या अनामिकेवर हिरवा दिवा लागला. तोपर्यंत चहा दोनदा झाला होता.

त्या रात्री मी ठरवलं की या घरात भांडी आई घासणार नाही, आणि मी रोज रात्री स्वतः घासतो. दुसरं काहीच ठरवलं नव्हतं. वर्ष झालं.

आणि जाता जाता, मतदार यादीत पत्ता बदलायला नमुना ८ ऑनलाइन भरता येतो. घर बदलणारे बहुतेक जण गॅस आणि बँक लक्षात ठेवतात, हे विसरतात.

स्टुटगार्ट, जर्मनी

मी मूळची नागपूरची. इथे येऊन सहा वर्षं झाली, मागच्या हिवाळ्यात दुसरं घर घेतलं, भाड्याचंच. इथल्या भाड्याच्या घरात बरेचदा स्वयंपाकघर रिकामं मिळतं. ओटा, सिंक, कपाटं सगळं आधीचा भाडेकरू उचलून नेतो. छताचे दिवेही नेतो, नुसत्या तारा लोंबत असतात. पहिला आठवडा आम्ही बाथरूमच्या नळावर तांदूळ धुतले.

घर बदललं की दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेत नोंद करायची, आनमेल्डुंग म्हणतात. त्याला घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आडनाव. इथे फ्लॅटला सहसा नंबर नसतो. बेलवर आणि टपालपेटीवर तुमचं आडनाव असेल तर तुम्ही तिथे राहता. बँकेचे कोड, विम्याचं कार्ड सगळं टपालाने येतं. आमच्या पेटीवर आठ दिवस जुन्याच भाडेकरूचं नाव होतं आणि आमची तीन पत्रं परत गेली.

मी ठरवलं होतं की नव्या घरात मुलीचं मराठी पक्कं करायचं. ती सात वर्षांची आहे. आधीच्या घरात बाराखडीचा तक्ता तिच्या खोलीत, दाराच्या मागे होता, म्हणजे दार उघडं असलं की दिसायचाच नाही. आता तो जेवणाच्या टेबलासमोर आहे. आणि माझी आई नागपूरहून रोज सकाळी एक गोष्ट रेकॉर्ड करून पाठवते. उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक, हिवाळ्यात साडेचार, त्यामुळे झोपायच्या वेळी थेट बोलणं होत नाही. तिकडे मध्यरात्र होत आलेली असते. गोष्टीच्या मागे कुकरची शिट्टी ऐकू येते, रस्त्यावरचा भाजीवाला ओरडून जातो. मुलगी एकदा म्हणाली, “आजीला सांग, भाजीवाला परत घे.” नावाची पट्टी करायची वेळ आली तेव्हा तिने खाली स्वतःच्या हाताने देवनागरीत आडनाव लिहिलं, शिरोरेघ जरा वर चढलेली आहे. तशीच लावली. टपालवाल्या बाईंनी विचारलं, ही कुठली अक्षरं? तिनेच जर्मनमध्ये समजावून सांगितलं.

चिपळूण

आम्ही ठरवून घर बदललं नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी तळमजल्यात शिरलं आणि पंख्याच्या पात्यांना चिखल लावून गेलं. त्यानंतर टेकडीच्या बाजूला दुसऱ्या मजल्यावर आलो.

कागद परत मिळतात. सातबारा ऑनलाइन निघतो, दाखल्यांच्या दुय्यम प्रती मिळाल्या, आता बरंच डिजिलॉकरमध्ये आहे. फोटो मिळत नाहीत. अल्बम फुगून विटेसारखे झाले होते. पहिले काही मी सुकवायला ठेवले आणि मग सोडवायला गेले, तेव्हा चेहरे दुसऱ्या फोटोच्या पाठीला चिकटून निघून आले. माझ्या वडिलांचा लग्नातला एकमेव फोटो असा गेला. नंतर एका जाणकाराने सांगितलं की चिकटलेले फोटो आधी सुकवायचे नसतात. स्वच्छ पाण्याच्या परातीत भिजवायचे, ओले असतानाच हळू सोडवायचे, मग चेहऱ्याची बाजू वर ठेवून वाळवायचे. हे कुणाला तरी उपयोगी पडेल म्हणून मुद्दाम लिहिते. दोनशेच्या वर फोटोंपैकी एकतीस वाचले.

नव्या घरात सगळ्यात वरचा कप्पा त्यांचा. दर रविवारी आईसमोर पाच फोटो ठेवते, फोनचं रेकॉर्डिंग चालू करते आणि ती सांगते हा कोण, ही कुणाची, हे दार कुठल्या घराचं. एकतीस फोटो कधीच संपले. आता जे गेले त्यांच्यात कोण होतं ते ती आठवून सांगते, तेही ठेवतेय.

कोल्हापूर

शिलाई मशीन. लग्नात आलेलं, दोन घरांत पलंगाखाली होतं. या घरात उजेडाच्या खिडकीशी टीव्ही लावायचा ठरत होता. मी म्हटलं, टीव्ही आतल्या भिंतीला लावा. पिकोफॉलची कामं घेते आता. व्हिडिओ बघून ब्लाउजची कटोरी शिकले.

औसा, जि. लातूर

मी स्पर्धा परीक्षांसाठी पुण्यात पाच वर्षं होतो. नव्या पेठेत कॉट बेसिसवर, एका खोलीत पाच जण. माझ्या वाट्याला एक कॉट, खाली एक पेटी, भिंतीला एक खिळा. तिसऱ्या वर्षी स्मार्टफोन बंद करून बटणांचा फोन घेतला. वाचनाचे तास वाढले हे खरं, पण आंदोलनाची, जाहिरातीची, निकालाची प्रत्येक बातमी टेलिग्रामवर आधी यायची, म्हणून रात्री मित्राचा फोन मागायचो. एकदा राज्यसेवेच्या मुख्य परीक्षेपर्यंत गेलो, पुढे नाही.

गेल्या मे महिन्यात खोली सोडली. पाच वर्षांचं सामान एसटीच्या डिकीत मावलं: दोन पोती पुस्तकं, गादी, टेबल लॅम्प. बाबा स्टँडवर बैलगाडीच घेऊन आले होते, कारण पोती जड असणार हे त्यांना ठाऊक होतं. वाटेत त्यांनी एकदाही निकालाचं विचारलं नाही. घरी माझ्यासाठी खोली रिकामी करून ठेवली होती. ती मी घेतली नाही. तिथे चार टेबलं टाकली, पुस्तकं भिंतीला लावली, वायफाय घेतलं. गावातल्या अकरा पोरी येतात, त्यातल्या सहा जणींना पुण्यात पाठवणं घरच्यांना शक्य नाही. मी बाहेर ओसरीवर झोपतो. पुढच्या वर्षी मीही परीक्षा देणार आहे.

पुणे

सगळ्यांचं वाचलं. वरळीच्या काकांचं घरात मोठ्याने वाचून दाखवलं. चिपळूणच्या ताई, तुमचं वाचल्यावर ट्रंकेतले सगळे कागद त्याच रात्री फोनवर टिपून घेतले आणि दोन ठिकाणी ठेवले.

मोडीचे पाच आठवडे झाले. काल खरेदीखतातला चतुःसीमेचा भाग लागला. तेव्हा घराचा पत्ता म्हणजे चार बाजू, कुणाच्या शेजारी कोण. शाई दिसत नव्हती तिथे फोटो काढून काळेपणा वाढवला, मग अक्षरं वर आली. पूर्वेस सरकारी रस्ता. दक्षिणेस सामाईक विहीर व चिंच एक. पश्चिमेस गुरवाचे परडे. त्या विहिरीबद्दल सासूबाई सांगायच्या, मी फारसं लक्ष देऊन ऐकलं नव्हतं.

उत्तरेस काय ते अजून लागत नाही. घडी नेमकी तिथेच पडली आहे आणि एक अक्षर ‘म’ आहे की ‘स’, ते वर्गातही कुणाला ठरवता आलं नाही. उद्या दिवसाच्या उजेडात पुन्हा फोटो काढते. कुणी मोडी वाचणारं असेल तर सांगा, पाठवते.